शेपटीची गाडी

दर आठवड्याला या सदराला दीड रकाना मिळतो आणि तेवढ्यात घरातले, गल्लीतले काहीबाही सांगून मी वाचकांचा निरोप घेतो. दिवाळी अंकात मात्र संपादक ऐसपैस जागा देतात आणि वर "काहीतरी खुसखुशीत येऊ द्या" असे बजावतात. खुसखुशीत पदार्थांचे खाते आमच्या घरी सौ.कडे आहे. माझ्यापाशी यंदा सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती एका लायसनची. लायसन माझे नव्हे. मी अजून सायकलवरून उतरतानासुद्धा दोनदा विचार करतो.

बुलढाण्यात राहणाऱ्याला जिल्ह्याचे दोन भाग ठाऊक असतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. आमचे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. राजूरचा घाट उतरला की मोताळा, मलकापूर, नांदुरा अशी सपाट काळी जमीन लागते, कापूस लागतो आणि असे काही ऊन लागते की घाटावरच्या माणसाने दुपारी तोंड बाहेर काढू नये. माझी सारी नोकरी घाटाखालच्या शाळांत झाली. निवृत्त झालो आणि हवा बरी म्हणून वर येऊन राहिलो. त्यामुळे जुने विद्यार्थी भेटायला येतात ते घाट चढून येतात आणि आल्याआल्या आधी पाणी मागतात.

यंदा होळी झाल्यावर एक जण असाच आला. चाळिशी ओलांडलेला, केस कानाशी पांढरे, हाताला ऑइलचा न जाणारा काळेपणा. दारातच वाकून पाया पडला. मी चष्मा नीट करून पाहिले आणि ओळखले, आणि खरे सांगायचे तर ओळखले नसते तर बरे झाले असते असे क्षणभर वाटले.

हा सहावीत असताना शाळा सोडून गेलेला मुलगा. बापाची बैलगाडी होती. कापसाच्या हंगामात बापाला हाताखाली माणूस हवा होता म्हणून त्याला गाडीवर घेतले, ते कायमचेच. पुढे तो मालमोटारीवर क्लीनर झाला. मग २०१२ साली एके दिवशी शाळेत माझ्यासमोर येऊन उभा राहिला, हातात पेढ्यांचा पुडा. मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. त्याला आठवी पास झाल्याचा दाखला हवा होता.

त्या वेळी नियमच तसा होता. मालवाहू किंवा प्रवासी गाडी धंद्यासाठी चालवायची तर माणूस निदान आठवी उत्तीर्ण हवा. हाताखाली गाडी कितीही सुरेख वळत असो, आठवीचा कागद नाही तर हेवीचे लायसन नाही. साहजिकच घाटाखालच्या एकूणएक मुख्याध्यापकांकडे अशी माणसे पेढे घेऊन येत असत. मी त्याला दाखला दिला नाही. नुसता दिला नाही असे नव्हे, तर शिपाई, दोन शिक्षक आणि सातवीचा अर्धा वर्ग ऐकेल अशा आवाजात त्याला खोटेपणावर एक व्याख्यान दिले. तो पुडा उचलून खाली मान घालून गेला.

दाखला नाकारला यात मी चुकलो असे मला आजही वाटत नाही. पण आवाज इतका चढवायला नको होता.

"गुरुजी," पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "आता आठवीचं काई लागत नाई म्हन्तेत. खरं हाय का?"

खरे होते. केंद्र सरकारने ती अट २०१९ सालीच काढून टाकली. देशात चालक कमी पडतात आणि न शिकलेल्या माणसाच्या पोटाच्या आड हा नियम येतो, असे कारण तेव्हा दिले गेले होते. मी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली होती. चहा पिताना वाचली, "बरे झाले" म्हणालो आणि पान उलटले. ज्याला मी सात वर्षांपूर्वी हाकलून दिले होते तो मनुष्य त्या वेळी मला आठवला नाही. मलकापूरच्या कुठल्याही विद्यार्थ्याजवळ निरोप धाडला असता तरी त्याच्यापर्यंत पोचला असता. त्याला हे कळले यंदा माघात, तेही एका धाब्यावर, दुसऱ्या कुणाचे बोलणे कानावर पडले म्हणून. मध्ये सहा वर्षे गेली होती. एवढी वर्षे तो दुसऱ्यांच्या ट्रेलरवर क्लीनरकी करीत होता आणि अधूनमधून लहान टेम्पो हाकत होता, कारण लहान गाडीचे पक्के लायसन त्याच्यापाशी होते.

आता खामगावच्या एका मालकाने सांगितले होते, की पावसाळ्याआधी हेवीचे लायसन आण, ट्रेलर तुझ्या हाती देतो. थोरली मुलगी बारावी झालेली, तिला नर्सिंगला घालायचे होते. क्लीनरच्या पगारात ते बसत नव्हते आणि ड्रायव्हरच्या पगारात बसत होते. हिशेब इतका साधा होता.

"मग अडचण काय?" मी विचारले.

"परीक्षा," तो म्हणाला. "परीक्षा म्हटलं का मले घाम सुटते, गुरुजी. सायेब चिन्हं दाखवून इचारते म्हन्तेत."

अशा रीतीने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी माझी शाळा पुन्हा सुरू झाली. पटावर विद्यार्थी एक, तास आठवड्यातून दोन, आणि पर्यवेक्षक म्हणून आमच्या सौ.

ही परीक्षा आहे तरी काय, हे घरातल्या कुणा मुलाला उद्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो. लहान गाडीचे लायसन हाती आल्यावर एक वर्ष गेल्याशिवाय धंद्याच्या गाडीचे कच्चे लायसनही मिळत नाही, आणि वय वीस पूर्ण लागते. कच्चे लायसन सहा महिने चालते. ते मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्याखेरीज ट्रायलला उभे राहता येत नाही. त्या काळात गाडीच्या पुढेमागे पांढऱ्यावर तांबडे इंग्रजी 'एल' लावायचे आणि शेजारी पक्के लायसनवाला शिकवणारा बसवायचा. मोटार शिकवणाऱ्या शाळेचा दाखला लागतो, तो नमुना पाच. डॉक्टरचा दाखला लागतो, तो नमुना एक-अ. त्यात डोळ्यांची एक अट आहे. चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीच्या पाटीवरचा नंबर वाचता आला पाहिजे. आमच्या गॅलरीतून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाशी उभ्या राहणाऱ्या गाड्या साधारण तेवढ्याच लांब असतात. त्याने एमएच २८ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत सगळ्या पाट्या घडाघडा वाचल्या. मला नुसत्या गाड्या दिसत होत्या.

अर्ज संगणकावर भरायचा असतो. ते काम त्याच्या मुलीने केले. "बापाचं नाव मी टाइप केलं," असे ती हसून सांगत होती.

चिन्हांचे काम सौ.ने हाती घेतले. आमच्या घरी जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आहे. कागद चांगला जाड, म्हणून फेकवत नाही. त्यांच्या कोऱ्या पाठीवर तिने गोल, त्रिकोण आणि चौकोन कापले. गोलातले चिन्ह म्हणजे हुकूम, ते मोडले तर गुन्हा. त्रिकोणातले म्हणजे सावधगिरीची सूचना. चौकोनातले म्हणजे नुसती माहिती, दवाखाना इकडे, पेट्रोल तिकडे. त्याला हे एका बैठकीत समजले, कारण वीसेक वर्षे तो त्या चिन्हांच्या बाजूने जातच होता. फक्त त्यांना नावे असतात हे ठाऊक नव्हते. पण सौ. पत्ता एकदम समोर धरून "बोल!" म्हणाली की त्याची जीभ टाळ्याला चिकटत असे. उजवीकडे अवघड वळण हे चिन्ह त्याला राजूरच्या घाटात झोपेतही कळले असते. आमच्या दिवाणखान्यात, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' याच्या पाठीवर काढलेले, ते कळेना.

"अरे, काकू काय खाणार आहे का तुला?" मी म्हणालो.

"काकू नाई, गुरुजी. तुमी बसेल हा ना बाजूले."

त्यानंतर चिन्हांच्या तासाला मी गॅलरीत जाऊन बसू लागलो. मग त्याला सगळी चिन्हे यायला लागली.

आता ट्रेलरविषयी. हमरस्त्यावर आपण ही गाडी पाहतो आणि "केवढी लांब!" म्हणून मोकळे होतो. ती एक गाडी नसून दोन असतात. पुढे इंजिन आणि केबिन असलेला तुकडा, त्याला हे लोक घोडा म्हणतात. मागे नुसती चाकांवरची लांब पाठ, तो ट्रेलर. घोड्याच्या पाठीवर एक ग्रीस लावलेली लोखंडी थाळी असते आणि ट्रेलरच्या पोटाखाली एक जाड खुंटी, तिला किंगपिन म्हणतात. खुंटी थाळीच्या खाचेत अडकते आणि त्या एका सांध्यावर पन्नासेक फुटांचा सारा पसारा वळतो. दोन्हींच्या मध्ये हवेचे पाइप लोंबतात, कारण या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. दाब पुरेसा चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा वळणाचा. घोडा ज्या वाटेने वळतो त्याच वाटेने ट्रेलरची मागची चाके जात नाहीत, ती आतून जातात. म्हणून डावीकडे वळायचे तर घोडा आधी सरळ पुढे काढायचा आणि मग वळवायचा. नाहीतर कोपऱ्यावरचा खांब, पानाची टपरी किंवा सायकलवर बसलेला मनुष्य त्या मागच्या चाकांत जातो. वाचकहो, वळणावर अशा गाडीच्या डाव्या अंगाला जागा दिसली म्हणून कधी शिरू नका. ती जागा गाडी गेल्यावर उरणार नसते.

तिसरा धडा मागे घेण्याचा, आणि तो मात्र मला काही केल्या समजेना. ट्रेलरची शेपटी डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे फिरवायचे! का? त्याने मला दोन काडेपेट्या घेऊन एका सेफ्टीपिनने जोडून दाखवल्या. पुढची पेटी मागे ढकलताना जरा उजवीकडे नेली की मागच्या पेटीचे तोंड उजवीकडे जाते आणि सहाजिकच तिची पाठ डावीकडे. मग लगेच चाक उलटे फिरवून घोड्याला तिच्या मागोमाग न्यायचे. तो क्षण चुकला की दोन्ही पेट्या अडकित्ता मिटावा तशा एकमेकींवर मिटतात. रस्त्यावर हे वेगात किंवा ओल्या उतारावर घडले तर अडकित्त्यात सुपारीच्या जागी कोण असते, ते सांगायला नको.

मी आठ दिवस जेवणाच्या टेबलावर काडेपेट्या ढकलीत होतो. मीठदाणी आणि लोणच्याची बरणी यांच्या मधून मला त्या एकदाही नेता आल्या नाहीत. देवापुढची काडेपेटी जागेवर सापडत नाही म्हणून सौ.शी वाद झाला तो वेगळाच.

"तुला कसे जमले रे हे?" मी विचारले.

"थे तं मले पहिल्याच दिवशी जमलं," तो म्हणाला. खामगावला ज्या जुन्या ड्रायव्हरकडे तो शिकत होता, त्या उस्तादालाही नवल वाटले होते. आठवडी बाजाराच्या रिकाम्या मैदानावर चुन्याच्या दोन रेघा मारून ट्रेलर मागे घ्यायला सांगितला, तर याने दुसऱ्याच खेपेला रेघेला न शिवता घेतला. "बैल सोडले का बंडी गोठ्यात मांगं ढकलाची राहे ना, गुरुजी. जू उजवीकडे दाबलं का मांगचं धूड डावीकडे जाते. लहानपनी रोज हेच काम होतं माह्याकडे."

ज्या बंडीपायी त्याची शाळा सुटली होती तीच ही. मी काडेपेट्या बाजूला ठेवल्या.

आणि गंमत अशी, की एवढी विद्या हाताशी असून ट्रायलमध्ये तिचा काही उपयोग नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आधी मध्यम मालवाहू, अवजड मालवाहू असे निरनिराळे वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते सगळे मिळून 'परिवहन वाहन' असा एकच वर्ग झाला. रस्त्याचा रोलर चालवणाऱ्याला कायद्याच्या यादीत स्वतंत्र कलम आहे, शेपटीच्या गाडीला नाही. त्यामुळे त्याची ट्रायल झाली ती मोटार शाळेच्या साध्या मालमोटारीवर. माझा एक साडू अमेरिकेत मुलाकडे असतो, त्याला फोनवर हे सांगितले तर तो चकित झाला. तिकडे १९८६ सालच्या एका कायद्याने साऱ्या राज्यांना धंद्याच्या लायसनसाठी समान पायरी घालून दिली आहे आणि जोडगाडीचा वर्गच निराळा आहे, 'अ' वर्ग. त्याची परीक्षा जोडगाडीवरच द्यावी लागते. हवेच्या ब्रेकचे प्रश्न असतात, घोडा आणि ट्रेलर जोडायचे कसे, सोडायचे कसे हे विचारतात, आणि निघण्यापूर्वी गाडीभोवती फिरून एकेक भाग परीक्षकाला बोलून दाखवावा लागतो. आपल्याकडे हे सारे उस्तादावर सोपवलेले आहे. उस्ताद चांगला भेटला तर ठीक. याला चांगला भेटला. ज्यांना भेटत नाही तेही त्याच रस्त्यावर असतात.

दरम्यान एक गृहस्थ त्याला भेटला. असे गृहस्थ कुठे भेटतात हे वाचकांना मी सांगायला नको. इतके पैसे टाक, ट्रायलला नुसता उभा राहा, बाकी आम्ही बघतो. रक्कम त्याने मला सांगितली. क्लीनरच्या दोन पगारांएवढी होती, पण उसनी मिळाली असती. मी काहीच बोललो नाही. २०१२ सालचे व्याख्यान मला तोंडपाठ होते, पण या खेपेस ते ओठांवर येईना.

"मी नाई म्हनलं," तोच म्हणाला. "आता खोटा कागद घेतला तं मंग तेरा वर्षं फुकटच गेली ना, गुरुजी?"

सौ. आतून चहा घेऊन आली होती. ती तशीच कपबशी हातात धरून उभी राहिली.

ट्रायलच्या दिवशी तो नापास झाला.

साहेबांचा काही दोष नाही. चिन्हे त्याने बरोबर सांगितली. चढावर गाडी थांबवून मागे न घसरू देता उचलली, हातवारे केले, गियर नीट बदलले. मग साहेबांनी गाडी मागे घ्यायला सांगितली आणि याने काय केले, तर केबिनचा दरवाजा सताड उघडला, अर्धे अंग बाहेर काढले आणि मागे वळून बघत गाडी घेतली. वीस वर्षे क्लीनर म्हणून तो फळीवर थापा मारीत "आने दो, आने दो" करीत आला होता. डोळ्यांनी प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज मागची जागा त्याला खरी वाटत नव्हती. आरशात बघून गाडी मागे घ्यायची असते, हे साहेबांनी त्याला शांतपणे सांगितले आणि कागदावर शेरा मारला.

त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या मुलीला फोन केला. "बाबा म्हणतात, मी ढच आहे, गुरुजींना तोंड कसं दाखवू," ती म्हणाली. हा 'ढ' शब्द मी त्याला सहावीत दिलेला. मला तो आठवत नव्हता, त्याला आठवत होता.

मी एसटीने घाट उतरलो. नोकरीत असताना रोज बघत होतो तोच रस्ता, पण त्या दिवशी वळणे मोजीत गेलो. तो घरीच होता. बाजेवर बसला होता, मला पाहून उठला. मी त्याला कायद्याचे कलम सांगितले. नापास झालेल्याला सात दिवसांनी पुन्हा ट्रायल देता येते, तीनदा नापास झाला तर मात्र साठ दिवस थांबावे लागते. "म्हणजे सरकारच धरून चालले आहे की माणूस पहिल्यांदा नापास होईल," मी म्हणालो. "आम्ही शाळेत असे धरून चालत नव्हतो, ही आमची चूक."

तो काही बोलला नाही. त्याच्या बायकोने गुळाचा चहा केला. तिची काळजी वेगळीच होती. "पास झाले का समृद्धीवरून गाडी जाईन ना, काका?" तिने विचारले. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ त्या महामार्गावर खासगी बस पेटून २५ माणसे गेली, ती बातमी आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेले नाही. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा तो रस्ता आता पुरा झाला आहे. सरळ, गुळगुळीत, आणि रात्री डोळा लागावा असा. मी तिला १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याचे सांगितले. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. नवराबायको दोघेही माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले, जशी सहावीतली मुले मी प्रामाणिकपणावर बोलताना बघत असत. मग तो म्हणाला, "डोळा जड झाला का मी गाडी बाजूले लावतो. मालक बोंबलला तं बोंबलू दे. थे उस्तादानं शपथ घालून सांगतलं हाय." कायद्यापेक्षा तिला हे पटलेले दिसले.

पुढचे सात दिवस तो आरशाशी शिकला. मोटार शाळेची गाडी दिवसातून अर्धा तास मिळे. उरलेल्या वेळी त्याने काय करावे? घरातला दाढीचा आरसा खुर्चीला बांधून, पाठ करून, मुलीने अंगणात ठेवलेल्या विटांमधून उलटे चालत जायचे. शेजारच्यांना वाटले, याच्या डोक्यावर परिणाम झाला. दुसऱ्या ट्रायलला मी गेलो नाही. मी बाजूला बसलेला त्याला चालत नाही हे ठाऊक होते. सौ. मात्र गेली, आरटीओच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभी राहिली आणि तिथून तिने मला फोन केला. तिला बोलता येईना. मी घाबरलो. मग तिने फोन त्याच्याकडे दिला आणि तोही काही बोलेना. तेव्हा माझ्या लक्षात आले की पास झाला असावा.

ज्येष्ठात, पाऊस अजून पडायचा होता, तो खामगावहून सळया घेऊन बुलढाण्याला आला. माल उतरवून झाल्यावर पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर गाडी उभी करून मला बोलवायला आला. "चाला गुरुजी, घाट उतरून देतो. मलकापुरातून एसटीनं परत या." केबिनमध्ये चढायला त्याने आणि क्लीनरने मला खालून वर ढकलले. क्लीनर म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याला तो वाटेत चिन्हे विचारीत होता, पण हळू आवाजात.

घाटाच्या तोंडाशी त्याने गाडी जवळजवळ थांबवली, खालचा गियर टाकला आणि मग उतरायला लागला. ज्या गियरमध्ये चढायचे त्याच गियरमध्ये उतरायचे, असे तो म्हणाला. इंजिन गाडीला धरून ठेवते, ब्रेकवर नुसता मधून मधून पाय. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे असतात, त्यांचे ब्रेक निम्म्या घाटात तापतात आणि मग पाय दाबला तरी धरीत नाहीत. आम्ही बैलगाडीच्या वेगाने चाललो होतो. मागून एका मोटारवाल्याने हॉर्नचा सपाटा लावला. समोरून चढणारी एसटी अरुंद जागी दिसली तशी याने आधीच बाजूला घेऊन तिला वाट दिली. चढणाऱ्याचा मान पहिला. प्रत्येक वळणावर त्याची नजर आरशात जात होती, एकदा उजव्या, एकदा डाव्या. दरवाजाला त्याने हात लावला नाही.

राजूरला खाली पोचल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. मोटारवाला हात उडवीत पुढे निघून गेला. हा खाली उतरला आणि एकेका चाकापाशी वाकून पालथ्या हाताने ऊब बघत शेवटपर्यंत गेला. मग केबिनपाशी येऊन मला म्हणाला, "उतरा जरा, गुरुजी. पाहा हात लावून."

मी उतरलो. भीत भीत हात जवळ नेला.

"कोमट आहे," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला आणि क्लीनरला पाण्याची बाटली आणायला सांगितली.